ग्रँटने नुसती इंजिनाची मूठ फिरवली का? फिलाडेल्फिया १८७६

टांगेवाला (धागाकर्ता)

मागच्या धाग्यावर शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनाची चर्चा चालू होती. विवेकानंदांमुळे ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे एकाने ठोकून दिलं की असल्या जत्रांत राष्ट्राध्यक्षाचं काम म्हणजे बटण दाबायचं आणि घरी जायचं. शिकागोपुरतं ते खरंही आहे. कायदा झाला हॅरिसनच्या काळात आणि बटण दाबायला मिळालं क्लीव्हलंडला. पण त्याच्या सतरा वर्षं आधी फिलाडेल्फियात झालेल्या प्रदर्शनाला हे माप लागू होत नाही असं माझं मत आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष होता युलिसिस ग्रँट, अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण हे यादवी युद्ध उत्तरेला जिंकून देणारा जनरल. त्यावर सविस्तर लिहायचं होतं म्हणून वेगळा धागा.

निमित्त होतं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या शताब्दीचं. जाहीरनामा जुलै १७७६मध्ये फिलाडेल्फियात मंजूर झाला, म्हणून प्रदर्शनही तिथे. कल्पना ग्रँटची नव्हे. वॉबॅश कॉलेजातले प्राध्यापक जॉन कॅम्बेल यांनी १८६६ साली फिलाडेल्फियाच्या महापौरांना पत्र लिहून ती सुचवली. युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. दक्षिणेतली शहरं अजून जळकी होती. अशा वेळी सगळ्या जगाला घरी बोलवायचं म्हणजे धाडसच.

३ मार्च १८७१ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून शताब्दी आयोग नेमला. प्रत्येक राज्यातून आणि प्रदेशातून एकेक सदस्य, नाव सुचवणार गव्हर्नर, नेमणूक करणार राष्ट्राध्यक्ष. आणि त्याच कायद्यात कलम घातलं की खर्चाची जबाबदारी केंद्र सरकारवर नाही! १८७२मध्ये वेगळं वित्तमंडळ काढून दहा-दहा डॉलरचे समभाग विकायला परवानगी दिली. पुढे जून १८७४मध्ये काँग्रेसने ग्रँटला सांगितलं की परदेशी सरकारांना राष्ट्राध्यक्षाच्या नावाने रीतसर निमंत्रण द्या, पण खर्च आपल्या अंगावर येणार नाही हे बघून. म्हणजे लग्नाची पत्रिका तुमच्या नावाने, मात्र जेवणावळीचं बिल आम्हाला दाखवायचं नाही.

ग्रँटने या तिढ्यात काय केलं ते बघा. ३ जुलै १८७३ला त्याने जाहीरनामा काढून प्रदर्शनाच्या तारखा अधिकृत केल्या. त्यानंतर अडीच महिन्यांत जे कुकची पेढी बुडाली, तीही फिलाडेल्फियाचीच. देशभर मंदी आली, बँका आणि रेल्वे कंपन्या कोसळल्या, आणि ज्यांच्या भरवशावर समभाग खपायचे ते शेठ लोक स्वतःच अडचणीत आले. प्रदर्शन गुंडाळायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. पण जानेवारी १८७४मध्ये ग्रँटने कार्यकारी आदेश काढला की प्रत्येक केंद्रीय खात्याने एकेक माणूस द्यावा, त्यांचं मंडळ व्हावं आणि सरकारने स्वतःचं दालन मांडावं. दिसायला साधा कारकुनी आदेश. परिणाम असा की जे सरकार खर्चाला हात लावणार नव्हतं ते आता स्वतःच प्रदर्शक झालं. लष्कर, नौदल, टपाल, पेटंट कचेरी, स्मिथसोनियन संस्था, सगळे कामाला लागले.

डिसेंबर १८७५च्या वार्षिक संदेशातही त्याने काँग्रेसपुढे प्रदर्शनाची बाजू मांडली. १६ फेब्रुवारी १८७६ला पंधरा लाख डॉलरच्या मदतीच्या कायद्यावर त्याची सही झाली. उद्घाटनाला तीन महिनेही उरले नव्हते. प्रतिनिधीगृहात तो ठराव काठावर सुटला होता. घटनेत असल्या खर्चाची तरतूद कुठे आहे, असा सवाल दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी लावून धरला होता.

आता १० मे. सकाळी पाऊस, फेअरमाउंट पार्कमध्ये चिखल, आणि गर्दी लाखाच्या वर. मुख्य इमारत १८८० फूट लांब, त्या काळी जगातली सर्वांत मोठी. रिचर्ड वाग्नरकडून पाच हजार डॉलर मोजून खास रचून घेतलेला मार्च वाजला. प्रार्थना झाली, स्तोत्र झालं, समूहगान झालं. मग आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हॉली यांनी प्रदर्शन ग्रँटच्या हवाली केलं. ग्रँट उठला, कागद काढला, काही मिनिटांत वाचून बसला. पुढच्या काही रांगांपलीकडे कुणाला ऐकूही गेलं नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या. त्याच मंचावर ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो होता. त्याला बघून लोक जास्त ओरडले.

पण भाषण वाचलं तर ते फार चांगलं आहे. मथितार्थ असा: शंभर वर्षांपूर्वी आमचा देश नवा आणि अर्धवट वसलेला होता, आमचा पैसा आणि वेळ जंगलं तोडण्यात, घरं, गोद्या, रस्ते, कालवे बांधण्यात गेला. तरीही विज्ञान, कायदा, वैद्यक, साहित्य यांत आम्ही जुन्या राष्ट्रांशी बरोबरी करू बघतोय. जे केलं त्याचा अभिमान आहे, याहून जास्त करता आलं नाही याची खंत आहे, आणि दुसऱ्याचं सरस काम दिसलं तर ते सरस म्हणायला आम्हाला जड जाणार नाही. शताब्दीच्या दिवशी इतकं बिनपाल्हाळ बोलणारा राज्यकर्ता मला तरी दुसरा आठवत नाही.

मग शंभर तोफा झाल्या आणि मिरवणूक यंत्रदालनात गेली. तिथे जॉर्ज कॉर्लिसचं प्रचंड वाफेचं इंजिन उभं होतं. कॉर्लिसने सांगितल्याप्रमाणे एक मूठ सम्राटाने फिरवली, दुसरी ग्रँटने. इंजिन हललं आणि दालनातली सगळी यंत्रं सुरू झाली. चित्रं छापली गेली ती याच क्षणाची. त्यामुळे लोकांच्या लक्षात राहिली मूठ, आणि १८७३ ते ७६ मधले कागद विसरले गेले.

माझा मुद्दा एवढाच की ग्रँटचं खरं काम त्या कागदांत आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

खारेदाणे

वा, टांगेवाले! निवांत वाचायला वाखूण साठवली आहे. एक शंका. युद्ध जिंकून देणारा माणूस, दोनदा निवडून आलेला, आणि टाळ्या बेताच्या? असं काय घडलं होतं?

---

कोर्टाची_पायरी

@खारेदाणे, त्या वसंतात ग्रँटचे ग्रह फार वाईट होते. दारूवरचा कर बुडवणाऱ्या टोळीचं प्रकरण, ज्याला व्हिस्की रिंग म्हणतात, त्यात त्याचा खासगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक याच्यावर खटला झाला. फेब्रुवारीत बॅबकॉक सुटला, कारण खुद्द राष्ट्राध्यक्षाने त्याच्या बाजूने लेखी जबानी दिली. सुटला तरी डाग राहिलाच. त्यातून डोकं वर काढेपर्यंत २ मार्चला युद्धसचिव विल्यम बेल्कनॅपने राजीनामा दिला. सैनिकी ठाण्यांवरच्या दुकानांचे मक्ते विकून घरात पैसे येत होते. त्याच्यावर महाभियोग दाखल झाला आणि उद्घाटनाच्या दिवशी तो सेनेटपुढे चालूच होता.

म्हणजे मंचावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळातला कालपरवापर्यंतचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. लोक टाळ्या कशाला वाजवतील? ग्रँट स्वतः पैसे खाणारा नव्हता हे त्याचे विरोधकही मानत. माणसांची पारख मात्र शून्य, आणि एकदा दोस्त म्हटला की शेवटपर्यंत पाठीशी.

ते पंधरा लाख भेट होती की कर्ज, यावर पुढे खटला झाला. १८७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समभागधारकांना परतावा देण्याआधी सरकारचे पैसे पूर्ण परत करा. ज्यांनी देशप्रेमापोटी दहा-दहा डॉलर गुंतवले ते रांगेत मागे गेले.

---

आंबटचुका

लेख आवडला पण श्रेयाचं वाटप पटलं नाही. जाहीरनामा काढणं, सही करणं हे कुठल्याही अध्यक्षाने केलं असतं. पैसे उभे केले वित्तमंडळाच्या जॉन वेल्शने. परदेशी दालनांपासून परीक्षकांपर्यंत सगळी घडी बसवली महासंचालक आल्फ्रेड गोशॉर्नने. पेनसिल्व्हेनिया राज्याने दहा लाख दिले, फिलाडेल्फिया शहराने पंधरा लाख. श्वार्ट्झमन नावाच्या तिशीही न गाठलेल्या जर्मन अभियंत्याने पार्कचा आराखडा आणि दोन कायमच्या इमारती उभ्या केल्या.

आणि बायकांचं काय? एलिझाबेथ डुएन गिलेस्पी, बेंजामिन फ्रँकलिनची पणती, हिने दारोदार वर्गण्या जमवून प्रदर्शनासाठी पैसा उभा केला. इतकं करून मुख्य इमारतीत स्त्रियांच्या वस्तूंना जागा नाही म्हणून सांगण्यात आलं! मग पुन्हा वर्गणी काढून त्यांनी स्वतःचं वेगळं दालन बांधलं. तिथलं इंजिनही बाई चालवायची, एमा ॲलिसन. ती कॅनडाहून आली होती. लोक ते बघायला गर्दी करत, बाई आणि इंजिन म्हणून.

या दालनात राष्ट्राध्यक्षाची भूमिका काय? तर काही नाही. यंत्रं सुरू करण्याचा मान ब्राझीलच्या सम्राज्ञीला दिला. ज्युलिया ग्रँटबाईंना याचा भारी राग आला होता. यजमान देशाच्या अध्यक्षाची बायको तिथे हजर असताना मान पाहुणीला, असं त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलंय. मला त्यांची बाजू पटते. :)

---

रेवाकाठ

मंचावरच्या आणखी एका माणसाबद्दल लिहितो.

फ्रेडरिक डग्लस. जन्म गुलामगिरीत, पळून जाऊन स्वतंत्र झालेला, त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत मोठा कृष्णवर्णीय वक्ता. उद्घाटनाला त्याला मंचावर बसायचं निमंत्रण होतं, हातात पास होता. पोलिसांनी अडवलं. काळा माणूस मंचावरचा पाहुणा असू शकतो हेच त्यांना पटेना. शेवटी सेनेटर रॉस्को कॉन्कलिंगने बघितलं आणि त्याला आत घेतलं. बसायला मिळालं, बोलायला नाही. महिनाभरापूर्वीच वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणात हाच डग्लस मुख्य वक्ता होता आणि ग्रँट समोर बसून ऐकत होता.

आता त्याच मंचावरचे दोन मुख्य पाहुणे बघा. ग्रँट, ज्याच्या फौजेने गुलामांच्या मालकांचं राज्य मोडलं. आणि दुसरा पेद्रो, ज्याच्या देशात त्या दिवशीही गुलामगिरी कायदेशीर होती आणि पुढे १८८८पर्यंत राहिली. सम्राट वैयक्तिकरीत्या विरोधात होता हे मान्य. तो विद्वान, साधा, लोकप्रिय वगैरे सगळं मान्य. पण डग्लस दाराशी आणि तो खुर्चीवर, हे चित्र मला सुटत नाही.

मराठी माणसाला यात एक धागा सापडतो. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. तेव्हा तिथे ग्रँटच अध्यक्ष होता, आणि त्याच वर्षी त्याने प्रदर्शनाचा जाहीरनामा काढला. जोतीरावांनी पुण्यात बसून ज्या अमेरिकेकडे पाहिलं ती खरीच होती. ग्रँटने पहिल्या कारकिर्दीत कू क्लक्स क्लॅन, ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी, मोडून काढली होती. पण १८७६ येईपर्यंत उत्तरेतले लोक या लढ्याला कंटाळले होते. प्रदर्शनात दक्षिण आणि उत्तर गळ्यात गळे घालणार होते, त्यात डग्लस अडचणीचा झाला.

एक चांगली गोष्टही सांगतो. एडवर्ड बॅनिस्टर या कृष्णवर्णीय चित्रकाराच्या निसर्गचित्राला तिथे पदक मिळालं, आणि एडमोनिया लुईसचं मरणासन्न क्लिओपात्राचं संगमरवरी शिल्प मांडलं गेलं होतं.

---

टांगेवाला

@आंबटचुका, गोशॉर्न आणि वेल्शचं श्रेय कोण नाकारतंय? माझा प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय होतं हा आहे. "कुठल्याही अध्यक्षाने केलं असतं" हे पटत नाही. मंदी आल्यावर काखा वर करणं सगळ्यांत सोपं होतं. खर्चाला बंदी घालणारं कलम कायद्यात आयतं होतंच. सरकारी दालनाचा आदेश कुणी मागितला म्हणून निघाला असेल, तरी नकार द्यायला कुणी अडवलं नव्हतं.

@रेवाकाठ, डग्लसला अडवल्याचं माहीत होतं, फुल्यांशी सांधा लावला नव्हता. दंडवत.

---

गिरणीचा_भोंगा

इंजिनवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी.

चौदाशे अश्वशक्ती. उंची पंचेचाळीस फुटांच्या आसपास, मधलं चाक तीस फूट व्यासाचं आणि छप्पन टनांचं. मिनिटाला फक्त छत्तीस फेरे, म्हणजे आवाज जवळजवळ नाहीच. बॉयलर बाहेर वेगळ्या इमारतीत, त्यामुळे आत धूर नाही, कोळसा नाही. लोकांना वाटायचं हे आपोआप चालतंय. खरी करामत झडपांत. वाफ आत यायला वेगळ्या झडपा आणि बाहेर जायला वेगळ्या, आणि जेवढा भार तेवढीच वाफ. कॉर्लिसने याचं पेटंट १८४९मध्येच घेतलं होतं. वाफ वाचते म्हणजे कोळसा वाचतो, म्हणून गिरणीवाल्यांनी ही पद्धत जगभर उचलली. या एका इंजिनवरून दांडे आणि पट्टे निघून दालनभर गेलेले, आणि त्यांवर माग, छापखाने, करवती चालत.

सम्राटाने फेरे किती विचारले आणि आकडा ऐकून म्हणाला, आमच्याकडच्या दक्षिण अमेरिकी प्रजासत्ताकांना मागे टाकलंत की! इंग्रजीत 'रेव्होल्यूशन' म्हणजे फेराही आणि क्रांतीही, त्यावरून कोटी. गोष्ट सांगितली जाते खरी, खरीखोटी देव जाणे.

कॉर्लिस कडक धार्मिक. रविवारी इंजिन बंद म्हणजे बंद. अर्थात आयोगानेच रविवारी फाटकं बंद ठेवायचं ठरवलं होतं. कामगाराला आठवड्यात सुट्टी ती एकच, आणि नेमक्या त्याच दिवशी प्रदर्शनाला कुलूप. तिकीट पन्नास सेंट, ते कामगाराला जड. तरी सहा महिन्यांत कोटीच्या जवळ माणसं येऊन गेली, आणि २८ सप्टेंबरला, पेनसिल्व्हेनिया दिनी, एका दिवसात पावणेतीन लाख.

पुढे हे इंजिन जॉर्ज पुलमनने घेतलं आणि शिकागोजवळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात बसवलं. १९१०मध्ये भंगारात गेलं.

---

खारेदाणे

टेलिफोन पण इथेच ना? बेलचा? ग्रँटने ऐकला का?

---

कोर्टाची_पायरी

टेलिफोन इथलाच, पण ग्रँट नव्हता. २५ जून, रविवार, प्रदर्शन बंद असल्याने परीक्षकांना शांतपणे फिरता येत होतं. बेलचं उपकरण शिक्षणविषयक वस्तूंमध्ये एका कोपऱ्यात पडलेलं. परीक्षक दमले होते, उद्या बघू म्हणत होते. तेवढ्यात सम्राट पेद्रोने बेलला ओळखलं, कारण बोस्टनमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांची भेट झाली होती. सम्राट थांबला म्हणून सगळे थांबले. सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, परीक्षकांत होते. त्यांनी ऐकून खात्री करून घेतली.

टांगेवाल्यांच्या प्रश्नाला हे पूरक आहे. प्रदर्शनात राज्यकर्त्याचं एक काम असं की तो ज्या टेबलापाशी थांबतो त्या टेबलाचं भाग्य उघडतं. ते काम पेद्रोने ग्रँटपेक्षा फार चांगलं केलं. त्याला खरंच कुतूहल होतं. ग्रँटला यंत्रांपेक्षा घोडे आवडत.

---

सातपुडा

२५ जून ही तारीख वाचून थबकलो. त्याच दिवशी मोंटानात लिटल बिगहॉर्नला लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टरची तुकडी संपवली. बातमी पूर्वेकडे पोचली ती ४ जुलैचे फटाके विझता विझता.

ग्रँटच्या भूमिकेची चर्चा करायची तर हेही धरा. ब्लॅक हिल्स ही तहाने लाकोटांना दिलेली जमीन. सोनं सापडलं. नोव्हेंबर १८७५मध्ये ग्रँटने व्हाइट हाउसमध्ये बैठक घेऊन ठरवलं की सोनं शोधणाऱ्यांना सैन्याने यापुढे अडवायचं नाही. मग आदेश निघाला की ३१ जानेवारी १८७६च्या आत सगळ्या लाकोटांनी राखीव प्रदेशात परतावं, नाहीतर शत्रू समजू. ऐन हिवाळ्यात, बायकामुलांसकट.

आणि टांगेवाले ज्या सरकारी दालनाचं इतकं कौतुक करतायत, त्यात काय होतं? स्मिथसोनियनने मांडलेल्या मूळनिवासी लोकांच्या वस्तू आणि त्यांचे पुतळे. शताब्दीचा अर्थ काय लावायचा? जिवंत माणसांना हाकला आणि त्यांचे कपडे काचेत ठेवा.

---

रिकामटेकडा

आजच्या राज्यकर्त्यांशी तुलना करायचा मोह होतोय...

---

टांगेवाला

@रिकामटेकडा, मोह आवरा. धागा शंभर प्रतिसादांवर जाईल आणि १८७६ कुठल्या कुठे राहील.

@सातपुडा, हा आक्षेप मी खोडत नाही. त्याच आदेशाने ते दालन झालं आणि त्याच दालनात ते पुतळे होते. प्रदर्शन संपल्यावर अनेक देशांनी आपल्या वस्तू परत न नेता स्मिथसोनियनला दिल्या. साठेक मालडबे भरून सामान वॉशिंग्टनला गेलं, ठेवायला जागा नाही म्हणून नवी इमारत बांधावी लागली, १८८१मध्ये ती उघडली. स्मिथसोनियनचं राष्ट्रीय संग्रहालय त्यातून वाढलं. ग्रँटच्या १८७४च्या आदेशाचं सर्वांत टिकाऊ फळ हेच, आणि तुम्ही म्हणता तो दोषही त्या फळातच आहे.

---

आंबटचुका

४ जुलैचं कुणी बोललं नाही. शताब्दीचा खरा दिवस तो! आणि ग्रँट फिलाडेल्फियाला आलाच नाही. उपाध्यक्ष हेन्री विल्सन आदल्या वर्षी वारलेले, म्हणून सेनेटचे हंगामी अध्यक्ष थॉमस फेरी इंडिपेंडन्स हॉलपाशी अध्यक्षस्थानी. जाहीरनाम्याचं वाचन संपताच सुसान बी. अँथनी, माटिल्डा जोस्लिन गेज आणि त्यांच्या सोबतिणी पुढे सरसावल्या आणि स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा फेरींच्या हातात ठेवला. आयोजकांनी त्यांना बोलायला परवानगी नाकारली होती. मंचावरून उतरताना त्यांनी प्रती वाटल्या, पुरुष खुर्च्यांवर चढून प्रती मागत होते आणि जोसेफ हॉली "ऑर्डर, ऑर्डर" ओरडत होते. मग बाहेर चौकात वादकांच्या मंचावर उभं राहून अँथनीने तो मोठ्याने वाचला.

राष्ट्राध्यक्षाच्या हातात तो कागद पडला असता तर इतिहासाला चांगलं चित्र मिळालं असतं. तर टांगेवाले, कागदांचंच बोलायचं तर हा एक कागद तुमच्या नायकाने चुकवला.

---

कोर्टाची_पायरी

समारोपाचाही उल्लेख हवा. १० नोव्हेंबर १८७६, पुन्हा पाऊस, कार्यक्रम परीक्षक दालनात हलवावा लागला. ग्रँटने एका वाक्यात प्रदर्शन बंद झाल्याचं जाहीर केलं, हाताने इशारा केला, तारेवरून यंत्रदालनात खूण गेली आणि इंजिन थांबलं. भाषण नाहीच.

पण त्या दिवशी त्याचं लक्ष वेगळीकडे होतं. तीन दिवसांपूर्वी हेज आणि टिल्डन यांच्यातली अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती, आणि फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना इथली मतं कुणाची यावरून देश पुन्हा लढाईच्या काठावर. ग्रँटने त्याच तारखेला फिलाडेल्फियाहूनच सेनापती शर्मनला तार केली. आशय असा: मतमोजणी करणाऱ्यांना संरक्षण द्या, खोटेपणा दिसला तर ताबडतोब जाहीर करा, निकालाने कुठल्याही पक्षाची निराशा झाली तर चालेल, पण निकालावर लबाडीचा संशय आला तर ते देशाला परवडणार नाही.

त्या दिवसातलं मोठं काम ती तार. पुन्हा कागदच! तेव्हा टांगेवाल्यांच्या मुद्द्याला माझं अर्धं मत.

---

गिरणीचा_भोंगा

अवांतर: ग्रँटचा मुंबईशी संबंध दोनदा आला. पहिल्यांदा नकळत. यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून मुंबईत कापसाचा भाव गगनाला भिडला, पेढ्या आणि कंपन्यांचं पेव फुटलं. ९ एप्रिल १८६५ला जनरल ली ग्रँटला शरण आला आणि ती बातमी पोचल्यावर शेअरबाजार झोपला. प्रेमचंद रायचंदसारखे धनाढ्य डबघाईला आले. दख्खनच्या शेतकऱ्यांनाही भाव पडल्याचे चटके बसत राहिले, १८७५च्या दंग्यांमागे जी कारणं सांगतात त्यांत तेही एक.

दुसऱ्यांदा प्रत्यक्ष. अध्यक्षपद सोडल्यावर जगप्रवासाला निघालेला ग्रँट फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईत उतरला. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा पाहुणा, मुक्काम मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राजभवनाच्या जागेत. तेव्हा आपल्याकडे १८७६चाच दुष्काळ नुकता सरत होता.

---

पेनवासी

उशिरा आलो. फिलाडेल्फियाजवळ राहतो. ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी: मुख्य इमारत, यंत्रदालन, स्त्रियांचं दालन, काही उरलेलं नाही. काच-लोखंडाचं बागदालन १९५४च्या वादळात खराब झालं आणि पाडलं. मेमोरियल हॉल मात्र ठणठणीत उभा आहे, तेव्हा तिथे कलादालन होतं. २००८पासून लहान मुलांचं प्लीज टच म्युझियम त्यात आहे. मुलं सोबत असतील तर वरचा मजला त्यांना द्या आणि तुम्ही खाली जाऊन अख्ख्या प्रदर्शनाची जुनी प्रतिकृती बघा. त्यात सगळ्या इमारतींच्या जागा नीट कळतात. ओहायो राज्याचं दगडी घरही पार्कमध्ये जवळच आहे.

---

खारेदाणे

@पेनवासी, गाडी लावायला जागा मिळते का तिथे? जूनमध्ये येणं होईल असं दिसतंय.